हेलिकॉप्टरच्या पात्यांचं कंपन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तिघांकडून येतात: एरोनॉटिकलचे विद्यार्थी, हँगरमध्ये काम करणारे तंत्रज्ञ आणि जुहूहून समुद्रातल्या रिगवर ये-जा करणारे प्रवासी. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कंपन पूर्ण बंद करणारा उपाय इथे कुठेच सापडणार नाही. ते मुळाशी कमी करता येतं, दुसऱ्या वारंवारितेवर नेता येतं किंवा माणसं बसत नाहीत अशा जागी वळवता येतं. कुठलाही उपाय समोर आला की तो यातलं नेमकं काय करतो आणि त्यासाठी किती किलो वजन मागतो, एवढं विचारायचं.

१. विमान एवढं हलत नाही, मग हेलिकॉप्टरच का हलतं?

कारण पुढे जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्याला प्रत्येक फेऱ्यात वेगवेगळा वारा लागतो. ब्लॅक हॉकचा रोटर मिनिटाला साधारण २५८ फेरे मारतो आणि पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २२० मीटरच्या आसपास असतो. हेलिकॉप्टर ताशी २५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० मीटरने पुढे चाललं आहे असं धरा. पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला २९० मीटरचा वारा लागतो, मागे जाणाऱ्याला जेमतेम १५० चा. उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने, कोन तोच ठेवला तर दोन्ही बाजूंच्या उचलीत साडेतीन पटींहून जास्त फरक पडेल. हुआन दे ला सिएर्व्हाने १९२३ मध्ये आपल्या ऑटोजायरोच्या पात्यांना बिजागऱ्या दिल्या त्या याचसाठी. पातं वर-खाली हलू शकलं की हा फरक बराचसा आपोआप भरून निघतो आणि यंत्र एका बाजूला कलंडत नाही.

पण तो पूर्ण भरून निघत नाही. पातं फेऱ्यागणिक वाकतं, पिळवटतं, पुढे-मागे सरकतं. त्यात आधीच्या पात्याने मागे सोडलेले हवेचे भोवरे त्याला आडवे येतात. या सगळ्याचा भार हबवर, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागावर येतो, तिथून शाफ्ट आणि गिअरबॉक्समधून केबिनमध्ये उतरतो.

२. घरातला पंखा डगमगतो तसंच ना हे?

अर्धं तसं, अर्धं नाही. पंखा डगमगतो तो बहुतेक वेळा एखादं पातं जड किंवा वाकलेलं असल्यामुळे. हेलिकॉप्टरमध्येही हा प्रकार होतो. त्यात एका फेऱ्याला एक हिसका बसतो आणि हँगरमध्ये त्याला ‘वन पर रेव्ह’ म्हणतात. हा दोष आहे, तो दुरुस्त करता येतो (प्रश्न १४).

दुसरा प्रकार दोष नाही. सगळी पाती अगदी एकसारखी असली, एका ग्रॅमचाही फरक नसला, तरी प्रश्न १ मधल्या कारणांमुळे कंपन राहतंच. त्याची वारंवारिता पात्यांच्या संख्येवर ठरते. ते डिझाइनमध्येच आहे, कितीही बॅलन्सिंग केलं तरी जाणार नाही. तक्रार ऐकताना सगळ्यात आधी हे दोन प्रकार वेगळे करायचे. नाही तर दुसऱ्या प्रकारासाठी ट्रिम टॅब (पात्याच्या मागच्या कडेची छोटी पट्टी) वाकवत बसण्यात दिवस जातो.

३. चार पाती असली की फेऱ्याला चारच हिसके का? तीन किंवा पाच का नाहीत?

कारण हब बेरीज करतो. चारही पात्यांवर तेच भार येतात, पण पाव-पाव फेऱ्याच्या अंतराने. उभ्या दिशेत फेऱ्याला एकदा, दोनदा किंवा तीनदा बदलणारे भार हबवर एकमेकांना छेद देऊन शून्य होतात. चारदा बदलणारे मात्र एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली येतात, आणि त्यांची बेरीज होते.

आडव्या दिशेत एक मेख आहे. हब स्वतः फेऱ्याला एकदा फिरतो. त्यामुळे पात्यावर तीनदा आणि पाचदा बदलणारे आडवे भार केबिनला चारदाच जाणवतात. म्हणून चार पात्यांच्या रोटरमध्ये पात्यावरच्या तीन, चार आणि पाच या तिन्ही पटींवर नजर ठेवावी लागते, केबिनमध्ये एकच आकडा दिसत असला तरी. विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आकडे पाहायचे तर असे. ह्युईला दोन पाती आणि मिनिटाला ३२४ फेरे, म्हणजे १०.८ हर्ट्झ. चिनूकच्या प्रत्येक रोटरला तीन पाती आणि २२५ फेरे, म्हणजे सव्वाअकरा. एमआय-१७ ला पाच पाती आणि साधारण १९२ फेरे, म्हणजे १६. ब्लॅक हॉकला चार पाती, २५८ फेरे, सुमारे १७. एकही पातं बाकीच्यांहून वेगळं झालं की छेद पुरा बसत नाही आणि एकदाचा हिसका डोकं वर काढतो.

४. किती कंपन म्हणजे जास्त?

केबिनमधलं कंपन ‘जी’मध्ये, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत मोजतात. ०.०२ जी हे बऱ्याच वर्षांपासून ‘जेट विमानासारखी शांत केबिन’ म्हणून सांगितलं जाणारं लक्ष्य आहे. जुन्या पिढीतल्या अनेक यंत्रांत ०.१ जी सहज सापडायचं.

नुसत्या आकड्याने मात्र निकाल लागत नाही, वारंवारिताही पाहावी लागते. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेत साधारण ४ ते ८ हर्ट्झला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. त्यामुळे ११ हर्ट्झचं कंपन त्याच ताकदीच्या २० हर्ट्झपेक्षा अंगाला जास्त लागतं. रोज उडणाऱ्यांच्या कंबरेचा प्रश्न खरा आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी संपूर्ण शरीराच्या कंपनाची कृती-मर्यादा ०.५ आणि कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी दिली आहे.

यंत्राचं वेगळं. रिव्हेट, ब्रॅकेट, तारांची जोडणी, इलेक्ट्रॉनिक्स हे सगळं कंपनाने थकतं. माझ्या मते प्रवाशाच्या आरामापेक्षा देखभालीच्या बिलाचा मुद्दा मोठा आहे, पण जाहिरातीत नेहमी आरामच येतो.

५. रिगवर जाताना कुठल्या सीटवर कमी हलतं?

जुहूहून ओएनजीसीच्या मुंबई हायवर जाणारे हा प्रश्न हमखास विचारतात. हेलिकॉप्टरचं धड एका लवचिक तुळईसारखं वाकतं. त्याच्या कंपनात काही जागा जवळपास स्थिर राहतात आणि काही जास्तीत जास्त हलतात. नाकाकडचं आणि शेपटाकडचं टोक साधारणपणे जास्त हलतं. स्थिर जागा मध्ये कुठेतरी असतात, पण नेमक्या कुठे ते मॉडेलवर, इंधनावर आणि किती माणसं बसली आहेत यावर बदलतं. चार पात्यांच्या डॉफिनचा अनुभव पाच पात्यांच्या एडब्ल्यू१३९ ला लागू होत नाही. शिवाय वजनाचा तोल सांभाळण्यासाठी सीट बहुधा नेमून दिलेली असते, तेव्हा निवड आपल्या हातात नसतेच.

६. उतरायच्या जरा आधी अचानक थरथर वाढते. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. साधारण १५ ते ३० नॉटच्या पट्ट्यात, म्हणजे उतरताना वेग कमी होत असताना किंवा उड्डाणानंतर वेग घेताना, पात्यांच्या टोकांनी सोडलेले भोवरे रोटरच्या अगदी जवळ रेंगाळतात आणि मागून येणारं पातं त्यांना छेदत जातं. या पट्ट्यात कंपन वाढतं, वेग आणखी वाढला की कमी होतं आणि फार जास्त वेगाला पुन्हा चढतं. त्या वरच्या टोकाला कारणं निराळी असतात. पुढे येणाऱ्या पात्याचं टोक ध्वनिवेगाजवळ जातं आणि मागे जाणारं पातं स्टॉल होऊ लागतं, म्हणजे उचल गमावू लागतं. वैमानिक हा सुरुवातीचा थरथराट रोज अनुभवतात. नेहमीपेक्षा वेगळा किंवा न थांबणारा असेल तरच ती तक्रार.

७. मग पाती वाढवली की काम झालं?

बऱ्याच अंशी, हो. पाती वाढली की प्रत्येकीवरचा भार कमी होतो. केबिनपर्यंत पोचणारी पट वरची होते, आणि वरच्या पटींमध्ये हवेचे भार साधारणपणे कमी असतात. एअरबसचं एच१४५ याचं ताजं उदाहरण. आधी त्याला चार पाती होती. २०२० मध्ये प्रमाणित झालेल्या आवृत्तीत पाच पात्यांचा बेअरिंगविरहित रोटर आला. केबिन शांत झालीच, वर वाहनक्षमता १५० किलोंनी वाढली.

हे फुकट मात्र होत नाही. प्रत्येक पात्याबरोबर पिच लिंक (पात्याचा कोन बदलणारा दांडा), डॅम्पर (पात्याचं पुढे-मागे हलणं शमवणारा भाग) आणि हबचा एक हात वाढतो. युद्धनौकेच्या हँगरमध्ये पाती घडी घालून ठेवायची असतील तर पाचवं पातं डोकेदुखी असते. आणि पाती वाढली म्हणून बॅलन्सिंगची तक्रार जात नाही, उलट सांभाळायला एक पातं जास्त.

८. दोन पात्यांची हेलिकॉप्टरं अजून का बनतात?

स्वस्त, हलकी आणि सांभाळायला सोपी म्हणून. उडायला शिकणाऱ्याला रॉबिन्सनमध्ये दोन पात्यांचा हिसका चालतो. बेलने आपल्या लाँगरेंजरमध्ये केबिन तुळईच्या स्थिर बिंदूंवर टांगून हा हिसका बराच शमवला. कल्पना प्रश्न ५ मधलीच, फक्त तिथे स्थिर बिंदू मुद्दाम घडवलेले आहेत.

९. पात्याची रचना करताना कंपनासाठी नेमकं काय बदलतात?

सगळ्यात आधी पात्याच्या नैसर्गिक वारंवारिता. पातं फिरू लागलं की केंद्रोत्सारी बलाने ताणलं जातं आणि कडक होतं, त्यामुळे फेरे वाढतात तशी त्याची वारंवारिताही वाढते. म्हणून एक आलेख काढतात: आडव्या अक्षावर रोटरचे फेरे, उभ्यावर वारंवारिता, आणि शून्यातून निघालेल्या एक पट, दोन पट, तीन पट अशा तिरक्या रेषा. कामाच्या फेऱ्यांवर पात्याची कुठलीही वारंवारिता या रेषांवर बसू द्यायची नाही. बसली तर अनुनाद, म्हणजे हलणं वाढतच जातं.

व्यवहारात हे सगळं एकाच वेळी जमत नाही. बिजागरीच्या पात्याचं पहिलं वर-खाली हलणं एक पटीच्या किंचित वर असतं, ते टाळताच येत नाही. बिजागरी नसलेल्या रोटरमध्ये ते १.१ च्या आसपास येतं. खरी ओढाताण दुसऱ्या वाकण्यावर होते. ते साधारण अडीच ते पावणेतीन पटींत पडतं, म्हणजे चार पात्यांच्या रोटरला नको असलेल्या तीनच्या अगदी शेजारी. थोडा कडकपणा वाढवला की तीनवर जाऊन बसतं.

अशा वेळी हातात तीन गोष्टी असतात. पहिली, वजनाची वाटणी. पातं जिथे सर्वात जास्त हलतं तिथे काही शे ग्रॅम वजन आत बसवलं की ती वारंवारिता खाली सरकते. वजन स्थिर बिंदूवर ठेवलं तर काहीच होत नाही, म्हणून जागा महत्त्वाची. दुसरी, कडकपणाची वाटणी. काच किंवा कार्बन तंतूंच्या थरांचे कोन बदलून, पातं वर वाकलं की आपोआप किंचित पिळेल असं करता येतं. योग्य दिशेने पिळलं की भार वाढतो त्याच क्षणी पात्याचा कोन उतरतो. धातूच्या पात्यात हे जमत नसे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रंजन गांगुली यांनी आणि त्याआधी मेरीलँड विद्यापीठात इंदरजित चोप्रा यांच्याबरोबर अशा संमिश्र पात्यांच्या इष्टतम रचनेवर काम केलं आहे.

तिसरी, पात्याचा कायमचा पीळ. इथे सौदा करावा लागतो. जास्त पीळ दिला की एका जागी तरंगताना इंजिनची ताकद वाचते, पण वेगात जाताना कंपन वाढतं. किती द्यायचा हे हेलिकॉप्टर कशासाठी बनवतोय त्यावर ठरतं. डोंगरात माल चढवणाऱ्याचं उत्तर वेगळं, समुद्रावर लांब जाणाऱ्याचं वेगळं.

१०. पात्याचं टोक मागे वळवतात ते कंपनासाठी का?

मुख्यतः वेग आणि आवाजासाठी. मागे वळलेलं टोक ध्वनिवेगाजवळच्या झटक्याला उशीर लावतं, त्याचा कंपनालाही थोडा फायदा होतो. रुंद, वल्ह्यासारख्या टोकाच्या पात्यांनी वेस्टलँड लिंक्सने ११ ऑगस्ट १९८६ ला ताशी ४००.८७ किलोमीटरचा विक्रम केला. टोक वळवलं की पात्याचा पीळ आणि वाकणं एकमेकांत गुंततात, आणि प्रश्न ९ मधला आलेख नव्याने काढावा लागतो.

११. ब्लॅक हॉकच्या हबवर फुलासारखं काय बसवलेलं असतं?

तो बायफिलर शोषक. माझ्या मते कंपनशास्त्रातला सगळ्यात देखणा तुकडा. हबच्या चार हातांच्या टोकांना वजनं सैल टांगलेली असतात आणि ती रोटरबरोबर फिरतात. इथे लंबकाला गुरुत्वाकर्षणाच्या जागी केंद्रोत्सारी बल खेचतं. त्यामुळे त्याची वारंवारिता रोटरच्या फेऱ्यांच्या ठरावीक पटीत राहते. फेरे थोडे वाढले की लंबकही तितकाच वेगवान होतो, वेगळं जुळवावं लागत नाही.

गणित सोपं आहे. रोटरच्या केंद्रापासून लंबकाच्या टांगणीपर्यंतचं अंतर भागिले लंबकाची लांबी, आणि त्याचं वर्गमूळ. तीन पट हवी असेल तर लांबी त्या अंतराच्या नवव्या भागाएवढी. पाच पट हवी असेल तर पंचविसावा भाग. इथे अडचण येते. हबचा हात अर्ध्या मीटरचा धरला तर पाच पटीचा लंबक जेमतेम दोन सेंटीमीटरचा, आणि त्याला जड वजन कसं टांगणार? उत्तर असं: वजनात आणि हातात सारख्याच मापाची मोठी भोकं पाडायची आणि त्यांतून बारीक पिना घालायच्या. वजन पिनांवरून घरंगळतं, आणि लंबकाची लांबी म्हणजे भोकाचा व्यास वजा पिनेचा व्यास. लेथवर बसलेल्या माणसाने मिलिमीटरच्या भागाने व्यास बदलला की शोषकाचा सूर बदलतो. भोकं झिजली की सूर सुटतो तोही असाच.

ब्लॅक हॉकचा बायफिलर तीन पटींना जुळवलेला असतो, केबिनमध्ये मात्र चार पट कमी होते. का, ते प्रश्न ३ मध्ये. एस-७६ वर तीन आणि पाच, दोन्हींसाठी वजनं आहेत. बीओ १०५ मध्ये साधे लंबक थेट पात्यांच्या मुळाशी होते.

१२. केबिन सरळ रबरावर का ठेवत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. सतरा हर्ट्झ अडवायचे तर आधाराची स्वतःची वारंवारिता त्याहून बरीच खाली हवी, पाच हर्ट्झ धरा. एवढा मऊ आधार नुसत्या वजनाने सुमारे एक सेंटीमीटर दबतो आणि अडीच जीच्या वळणात अडीच सेंटीमीटर. त्याच आधारावर गिअरबॉक्स आहे, त्यात इंजिनचा शाफ्ट शिरतो आणि शेजारून कंट्रोलचे दांडे वर जातात. हे सगळं अडीच सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तर चालत नाही.

म्हणून प्रति-अनुनादाची युक्ती. आधार कडक ठेवायचा, पण त्याच्या शेजारी तरफेवर एक वजन लावायचं. ठरावीक वारंवारितेला स्प्रिंगचं बल आणि तरफेवरच्या वजनाचं जडत्व एकमेकांच्या उलट येतात आणि केबिनला जवळपास काहीच पोचत नाही. कामान कंपनीने हे १९६० च्या दशकात पुढे आणलं. बेलने तरफेऐवजी जड द्रव वापरला. एचएएलच्या ध्रुवमध्येही, ज्याचं पहिलं उड्डाण २० ऑगस्ट १९९२ ला झालं, गिअरबॉक्स आणि धडाच्या मध्ये याच जातीची ‘एरिस’ प्रणाली आहे. नाशिकच्या गांधीनगरला लष्कराच्या हवाई प्रशिक्षण केंद्रात ध्रुव पाहिलेल्यांनी ती कधी पाहिली नसेल, कारण ती गिअरबॉक्सखाली झाकलेली असते.

मर्यादा अशी की ही एकाच वारंवारितेला चालते. तिच्यापासून थोडं इकडेतिकडे गेलं की कंपन उलट वाढूही शकतं. हेलिकॉप्टरचे फेरे जवळपास कायम ठेवलेले असतात म्हणून हे खपतं. इंधन वाचवायला फेरे बदलणारे रोटर आले की असे सगळे शोषक अडचणीत येतात. प्रश्न ११ मधला लंबक तेवढा त्यातून सुटतो, आणि पुढच्या प्रश्नातल्या सक्रिय प्रणाली.

१३. संगणकाने कंपन थांबवता येतं असं ऐकलंय. खरं का?

हो, आणि त्याचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. लोक ते एकात एक घालतात.

पहिला मार्ग केबिनकडून. कंपनमापक केबिनचं हलणं मोजतात, संगणक त्याच वारंवारितेचं उलट बल काढतो, आणि ॲक्च्युएटर ते धडाला देतात. वेस्टलँडने हे एडब्ल्यू१०१ वर उत्पादनात आणलं. तिथे ॲक्च्युएटर गिअरबॉक्स आणि धडाच्या मध्येच बसतात. यूएच-६०एम आणि एस-९२ वर अशा सक्रिय प्रणाली आहेत, ध्रुवच्या मार्क-३ मध्येही. इंधन संपत आलं, माणसं उतरली, वजन बदललं, तरी संगणक स्वतःला जुळवून घेतो. आणि यंत्रणा बंद पडली तर? केबिन पुन्हा हलू लागते, बाकी उड्डाणाला धोका नाही. प्रमाणपत्र देणाऱ्यांना हेच आवडतं.

दुसरा मार्ग मुळाशी जातो. पात्याचा कोनच फेऱ्यात अनेकदा बारीक बदलायचा, म्हणजे हवेचा भार जन्मतःच कमी होईल. १९८२ मध्ये ओएच-६ए वर स्वॉशप्लेट (पात्यांचे कोन बदलणारी हबजवळची चकती) फेऱ्याला चारदा हलवून हे प्रत्यक्ष उड्डाणात दाखवलं गेलं आणि कंपन लक्षणीय कमी झालं. पुढे प्रत्येक पात्याला वेगळा ॲक्च्युएटर देण्याचे प्रयोग बीओ १०५ वर झाले. मग पात्याच्या मागच्या कडेला छोटे फ्लॅप आले. सप्टेंबर २००५ मध्ये बीके११७ पायझो (वीज दिली की किंचित ताणणाऱ्या पदार्थाच्या) ॲक्च्युएटरने चालणाऱ्या फ्लॅपसह उडालं, आणि २००८ मध्ये बोइंगने एमडी ९०० चा पाच पात्यांचा तसाच रोटर नासा एम्सच्या वाऱ्याच्या बोगद्यात चालवला.

इतकी वर्षं झाली, तरी हा दुसरा मार्ग रोजच्या हेलिकॉप्टरमध्ये नाही. पायझो पदार्थ स्वतःच्या लांबीच्या हजाराव्या भागाएवढाच ताणतो, तेव्हा ते हलणं यांत्रिक युक्तीने वाढवावं लागतं, आणि तेही शेकडो जीच्या केंद्रोत्सारी बलात. फिरणाऱ्या हबमध्ये वीज आणि संकेत पोचवायचे. वर, जे बिघडलं तर पात्याचा कोन बिघडेल अशा यंत्रणेला प्रमाणपत्र मिळवायचं. पहिला मार्ग कमी देखणा आहे, पण विकला जातो. कामानचं के-मॅक्स मात्र पात्यांवरच्या फ्लॅपनेच चालतं. तिथे ते कंपनासाठी नसून रोटरच्या मुख्य नियंत्रणासाठी आहेत, पण फ्लॅप पात्यावर टिकतात एवढं त्यातून नक्की कळतं.

१४. ट्रॅकिंग आणि बॅलन्सिंग म्हणजे नक्की काय करतात?

ट्रॅकिंग म्हणजे सगळ्या पात्यांची टोकं एकाच पातळीत फिरवणं, बॅलन्सिंग म्हणजे वजनाचा मध्य शाफ्टवर आणणं. उभा ‘वन पर रेव्ह’ असेल तर बहुधा ट्रॅकचा प्रश्न, आडवा असेल तर वजनाचा.

जुनी पद्धत अजून काही जणांना आठवत असेल. पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांचे खडू चोळायचे. एका माणसाने लांब काठीला ताणून बांधलेलं पांढरं कापड उभं धरायचं आणि फिरत्या टोकांच्या कडेला हळूच, अगदी हळूच टेकवायचं. कापडावर रंगीत रेघा उमटतात. सगळ्या एकावर एक आल्या तर ट्रॅक बरोबर. लाल रेघ दोन बोटं वर दिसली तर लाल पातं उंच फिरतंय. मग रोटर थांबवायचा, त्या पात्याची पिच लिंक थोडी आखडायची आणि पुन्हा सुरू. नंतर स्ट्रोब दिवे आले, आता कंपनमापक आणि ऑप्टिकल ट्रॅकर असतात आणि यंत्रच सांगतं कुठल्या पात्याला काय करायचं.

बदलायच्या गोष्टी तीनच. पिच लिंकची लांबी सगळ्या वेगांना लागू होते, ट्रिम टॅबचा कोन वेग वाढेल तसा जास्त परिणाम करतो, आणि वजन आडव्या कंपनासाठी. मोजणी आयपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती इंच. बऱ्याच ठिकाणी ०.२ ही वापरातली मर्यादा असते, पण आपल्या यंत्राच्या देखभाल पुस्तिकेतलाच आकडा धरायचा.

१५. कालच बॅलन्स केलं, आज परत ‘वन पर रेव्ह’. असं का?

नेहमीचे संशयित: एका पात्यात शिरलेलं पाणी, पुढच्या कडेवरची झीजरोधक टेप एकाच पात्याची सुटलेली, लॅग डॅम्परमधून गळणारं तेल, थकलेलं इलास्टोमेरिक बेअरिंग. पुन्हा वजन लावून आकडा खाली आणण्याआधी ही यादी तपासा, नाही तर दोष झाकला जातो. आणि हवेत असताना अचानक नवं कंपन सुरू झालं तर कारण शोधत बसायचं नाही. उतरायचं.

१६. जमिनीवर उभं असलेलं हेलिकॉप्टर हलून हलून तुटतं ते व्हिडिओ खरे असतात का?

खरे असतात. तो ग्राउंड रेझोनन्स, आणि वरच्या कुठल्याच प्रकारात तो बसत नाही. बाकी सगळं कंपन हवेच्या भारामुळे किंवा पात्यांमधल्या फरकामुळे होतं. हे स्वतःचं स्वतःला वाढवतं. पाती पुढे-मागे सरकून विषम अंतरावर गेली की त्यांचा गुरुत्वमध्य शाफ्टवरून सुटतो आणि हबभोवती फिरू लागतो. ते फिरणं चाकांवर डोलणाऱ्या धडाच्या वारंवारितेशी जुळलं, आणि डॅम्पर पुरेसे नसले, की प्रत्येक डोलणं मागच्यापेक्षा मोठं होतं. काही सेकंदांत यंत्राचे तुकडे.

निमित्त साधंच असतं: एका चाकावर आदळून उतरणं, हवा कमी असलेला टायर, कमजोर डॅम्पर. फेरे उड्डाणाच्या पातळीत असतील तर लगेच उचलून हवेत जायचं. जमीन सुटली की जोडी तुटते. नसतील तर थ्रॉटल बंद, कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली. झुलत्या दोन पात्यांच्या रोटरला हा धोका सहसा नसतो, कारण त्याची पाती आडव्या दिशेत कडक असतात. ‘ध्रुवला बिजागऱ्या नाहीत, मग त्याला डॅम्पिंग कशाला?’ हा पुढचा प्रश्नही येतो. बिजागरी नसली तरी त्याची पाती आडव्या दिशेत लवचिकच असतात, म्हणून.

१७. नियंत्रणामुळेच कंपन वाढलं असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि झालं आहे. ६ जुलै २०१६ ला टेक्सासमध्ये बेल ५२५ चं चाचणी हेलिकॉप्टर हवेतच तुटलं आणि दोन्ही वैमानिक गेले. एक इंजिन बंद झाल्याची चाचणी जास्त वेगात चालू होती आणि रोटरचे फेरे कमी झाले होते. सुमारे ६ हर्ट्झचं जोरदार कंपन सुरू झालं. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीला दोन वर्तुळं सापडली. कंपनाने वैमानिकाचं शरीर हलत होतं, त्याच्या हातातला कलेक्टिव्हही त्याच लयीत हलत होता आणि पाती ते आज्ञा म्हणून पाळत होती. दुसरीकडे कल आणि दिशा मोजणारे संवेदक तेच कंपन पकडून नियंत्रण संगणकाला देत होते. ही दोन्ही वर्तुळं तोडणारं काहीही नियंत्रण प्रणालीत नव्हतं. फेरे सावरता आले नाहीत, पाती जास्त वर-खाली होऊन शेपटाला लागली.

म्हणून सक्रिय नियंत्रणाबद्दल बोलताना किती कंपन कमी झालं एवढंच पाहू नका. ६ हर्ट्झ म्हणजे माणसाच्या शरीराच्या संवेदनशील पट्ट्यातच (प्रश्न ४). वैमानिक हाही त्या वर्तुळातला एक भाग असतो.

१८. मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटीला हे सगळं लागू होतं का?

तत्त्वं तीच, प्राधान्य उलटं. मंगळावरची हवा पृथ्वीच्या साधारण एक टक्का दाट. आपल्याकडे पात्याचं वर-खाली हलणं हवाच बरंचसं शमवते, तिथे ते शमतच नाही. पातं एकदा डोलू लागलं की डोलत राहतं आणि नियंत्रणात घोटाळा होतो. म्हणून इंजेन्युइटीची १.२ मीटर व्यासाची पाती अतिशय कडक ठेवली होती. कामाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास. १९ एप्रिल २०२१ ला ते पहिल्यांदा उडालं.

१९. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी यातलं काय जमेल?

सक्रिय फ्लॅपच्या मागे लागू नका, पैसे आणि वर्ष दोन्ही संपतील. प्रश्न ११ मधला लंबक वर्कशॉपमध्ये होतो. फिरणारी चकती, त्यावर कंपनमापक, आणि दोन-तीन व्यासांच्या पिना. पिन बदलली की सूर किती सरकतो ते मोजा आणि वर्गमूळाच्या सूत्राशी ताडून पाहा. किंवा ॲल्युमिनियमच्या एका पट्टीला वेगवेगळ्या जागी पन्नास ग्रॅमचं वजन लावून दुसऱ्या वाकण्याची वारंवारिता नोंदवा. त्यासाठी फिरवायचीही गरज नाही. फिरवणार असाल तर मात्र भोवती पोलादी जाळी हवीच, आणि रोटरच्या पातळीत कोणीही उभं राहायचं नाही.